दादाच्या अक्षरातलं पत्र

मास्तरांनी खिशातून पत्र काढून टेबलावर ठेवलं तेव्हा धाकटीच्या हातात चहाचा ट्रे होता, आणि तो खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. पत्र तिने दारातूनच ओळखलं. निळी शाई, पिवळसर कागद, तीन घड्या... एकोणीस महिन्यांपूर्वी आपल्याच हाताने घातलेल्या घड्या माणूस विसरत नाही.

"गवई, तुम्हाला न विचारता आलो, रागावू नका," मास्तर म्हणाले. वीस वर्षं दादाच्या डाव्या हाताला उभं राहून त्यांनी व्हायोलिन वाजवलं होतं आणि तेवढी वर्षं ते त्याला चेष्टेने 'गवई'च म्हणत आले होते. "शनिवारी तुम्ही पुन्हा गाणार म्हणून काय वाट्टेल ते छापून येतंय. माणूस आजाराच्या आड लपलाय, माफीचा एक शब्द काढला नाही... मला राहवेना. म्हटलं, माझ्याकडे तर लेखी माफी आहे. तुमची हरकत नसेल तर शनिवारी स्टेजवर येऊन हे वाचून दाखवतो. एकदाची तोंडं बंद होतील सगळ्यांची."

दादाने पत्र उचललं. तो सावकाश वाचत होता, दुसऱ्याच्या घरातलं सामान हाताळावं तसं. पहिलं पान संपवून त्याने ते पालथं घातलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं घेतलं. धाकटी दारातच उभी होती. कपातला चहा बशीत सांडत होता आणि तिला ते दिसत होतं.

"अक्षर माझंच आहे," दादा शेवटी म्हणाला.

"मग कोणाचं असणार?" मास्तर हसले.

"आजचा दिवस ठेवू का माझ्याकडे?"

"ठेवा, पण परत करा. हात जास्त दुखला की वाचतो मी ते." मास्तरांनी उजव्या हाताने कप घेतला. डावा हात मांडीवर तसाच पडून होता. त्याची करंगळी आणि शेजारचं बोट आता वळत नव्हतं. "काय ताई, ट्रे घेऊन उभ्याच राहणार का? मी काही परका नाही."

चहा पिऊन मास्तर गेले. जाताना त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. एकोणीस महिन्यांत त्या दोघांची ही पहिलीच भेट होती.

*

ते पत्र दादाने लिहिलेलं नव्हतं. असं पत्र अस्तित्वात आहे हेसुद्धा त्याला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

हे कसं घडलं ते समजायला या घरातली कामाची रीत समजून घ्यावी लागते. दादाचं पहिलं गाणं गाजलं त्या वर्षी घरात पोत्यांनी पत्रं येऊ लागली. दादा उत्तरं लिहायला बसला, आठ दिवसांत अकरा उत्तरं झाली आणि नवव्या दिवशी तो अंथरुणाला खिळला. ताप नव्हता, दुखणं दाखवता येत नव्हतं, नुसतं उठवत नव्हतं. धाकटी तेव्हा नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत होती. नद्यांची नावं तिरकी, गावांची उभी, असं बारीक टोकाच्या लेखणीने नकाशावर लिहायचं, हे तिचं काम. कोणाचंही अक्षर तिला उचलता येई. तीन संध्याकाळी तिने दादाचं अक्षर गिरवलं आणि महिन्याभरात दोनशे चाळीस उत्तरं पाठवली. तेव्हापासून दादा गाणार आणि धाकटी लिहिणार, हे ठरूनच गेलं. शुभेच्छा, सांत्वनं, शिफारशी, सह्या... सगळं. दादा पाहुण्यांना सांगायचा, "माझं अक्षर माझ्यापेक्षा हिलाच जास्त येतं. उद्या माझ्या मृत्युपत्रावरसुद्धा हीच सही करेल, आणि माझ्यापेक्षा बरी करेल."

आजाराला डॉक्टरांनी पुढे नाव दिलं. कधी महिना महिना अंधार, कधी आठ आठ दिवस झोप नाही आणि डोळ्यांत नको इतका उजेड. त्यावर रोज घ्यायच्या गोळ्या होत्या आणि त्या घेतल्या की दादा बरा असे. बाहेर मात्र 'घसा बसलाय' एवढंच सांगितलं जाई. दुसऱ्यांदा तो आजारी पडला तेव्हा धाकटीने नोकरी सोडली. कचेरीतला एक मोजणीदार तिच्यासाठी चार वर्षं थांबला, मग त्याने सभ्यपणे दुसरीकडे लग्न केलं. तिने त्याला शुभेच्छांच्या चार ओळी लिहिल्या, आणि कागद पाकिटात घालताना तिच्या लक्षात आलं की त्या दादाच्या अक्षरात लिहिल्या गेल्यात. तिने ते पाकीट तसंच पोस्टात टाकलं. याबद्दल ती कधी कोणापाशी बोलली नाही, आणि हा आपला त्याग आहे असंही तिने कधी म्हटलं नाही. फक्त त्या वर्षापासून, दादा सकाळी गळा तापवायला बसला की ती हातातलं काम थांबवून ऐकत राही. तिच्या आयुष्याचं जे काही झालं होतं ते त्या आवाजात होतं.

मास्तरांचा हात मोडला तो एका भरल्या सभागृहात. संध्याकाळी सात चाळीसला, चौथ्या गाण्याच्या मध्यावर दादा थांबला, डावीकडे वळला, मास्तरांच्या हातातलं व्हायोलिन ओढून घेतलं आणि त्यांना ढकललं. मास्तर मंचाच्या टोकावरून पाच फूट खाली पडले. मनगट तीन ठिकाणी मोडलं. बाराशे लोकांनी ते पाहिलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी फोनवर टिपलं, आणि दुसऱ्या दिवसापासून साऱ्या देशाला मानसशास्त्र कळू लागलं. एक बाजू म्हणाली, आजारी माणसाला शिक्षा कसली करता. दुसरी म्हणाली, हा आजार पुष्कळांना असतो, ते काय माणसं ढकलत सुटतात का. वाद महिनाभर चालला. दादाचं म्हणणं दोन्ही बाजूंना माहीत नव्हतं, कारण दादा इस्पितळातल्या एका खोलीत भिंतीशी बोलत होता.

मास्तरांनी तक्रार दिली. वकिलाने धाकटीला बजावलं, पत्र नाही, फोन नाही, फुलंसुद्धा नाहीत. जे बोलायचं ते डॉक्टरांचं प्रमाणपत्र बोलेल. धाकटीने मान डोलावली आणि घरी येऊन दोन पानी पत्र लिहिलं. लिहिताना ती रडली. पत्र चांगलं झालं. 'मास्तर, तुमचा हात मी मोडला. आजार माझा, म्हणून अपराधही माझाच. त्या संध्याकाळचं मला काही आठवत नाही, पण आठवत नाही म्हणून ते घडलं नाही असं होत नाही. औषध मी माझ्या मनाने बंद केलं होतं, घरात कोणाला कळू न देता...' असं ते होतं. खाली दादाची सही.

सातव्या दिवशी मास्तरांनी तक्रार मागे घेतली. दादाला शुद्ध आल्यावर एवढंच सांगितलं गेलं की तक्रार मागे घेतलीय. का घेतली, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

*

"कधी लिहिलंस?"

मास्तर गेल्यावर बराच वेळ गेला होता. चहाचे कप तसेच होते. धाकटी खुर्चीच्या कडेवर बसली होती, कधीही उठावं लागेल अशी.

"तू तिथे होतास तेव्हा. तिसऱ्या आठवड्यात."

"मला विचारलं होतंस?"

"कोणाला विचारू, दादा? तू तेव्हा मला ओळखत नव्हतास."

"आणि ओळखायला लागलो तेव्हा?"

"डॉक्टर म्हणाले, त्याला ताण नको. मग म्हटलं, जरा सावरू दे. मग... मग रोज वाटायचं, आज सांगू, आज सांगू."

दादा चिडला नव्हता. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याच्या चिडण्याची तिला सवय होती. तो हिशेबाने बोलावं तसं एकेक वाक्य बोलत होता.

"एकोणीस महिने मी त्यांच्या घरी गेलो नाही. मला वाटायचं, ते माझं तोंड बघणार नाहीत. कीव येऊन तक्रार सोडली असेल, पण दार उघडणार नाहीत. आणि ते तिकडे समजत होते की मी दोन पानं लिहिली, आणि झालं माझं. पोस्टात टाकून मोकळा. जगातल्या सगळ्यांनी माझ्याबद्दल बोलून घेतलं, धाकटे. एका मलाच बोलायचं होतं, तेही तू बोलून ठेवलंस."

"मी तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे. सगळं माझ्यासाठीच करतेस. म्हणून तर तुला काही म्हणता येत नाही." त्याने पत्राचं दुसरं पान तिच्यासमोर धरलं. "आणि हे काय आहे? 'घरात कोणाला कळू न देता.' खरं आहे का हे?"

 इतके महिने ज्या वाक्यावरून धाकटीने मन पुढे सरकवलं होतं त्या वाक्यावर त्याने बोट ठेवलं होतं.

दर रविवारी सात कप्प्यांची डबी तीच भरायची. कार्यक्रमाच्या आधीच्या महिन्यात एका रविवारी डबी उघडली तर सातही कप्पे भरलेले. पुढच्या रविवारीही. गोळ्यांनी आवाजावर राख बसते, वरचा सूर लागत नाही, असं दादा कुरकुरायचा. त्याने त्या सोडल्या होत्या हे तिला लख्ख कळलं. आणि त्याच आठवड्यात दादाचा आवाज मोकळा झाला होता... पंचविशीत होता तसा, स्वच्छ, निर्भय, घराच्या भिंतींना न जुमानणारा. धाकटी भाजी चिरता चिरता थांबली होती. तिने ठरवलं होतं, सोमवारी बोलू. सोमवारी तो आणखी चांगला गायला. मग कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बोलू. तिने भरलेल्या कप्प्यांवर झाकण लावलं होतं आणि डबी जागेवर ठेवून दिली होती.

"मला ऐकायचं होतं," ती म्हणाली. हे ती स्वतःशीही पहिल्यांदाच म्हणत होती. "पुन्हा एकदा तसं ऐकायचं होतं. मला वाटलं... एवढं तर माझं आहे."

तिला रडू आवरेना. दादा उठून तिच्याजवळ आला नाही. त्याने खिडकी उघडली आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला.

"माझा अपराध माझ्या नावाने कबूल केलास," तो म्हणाला, "आणि तुझा माझ्या नावाखाली झाकलास. तो गरीब माणूस हात दुखला की हे वाचतो."

"काय करायचं मग? शनिवारी त्यांनी ते वाचलं तर सगळं सुरळीत होईल. लोक गप्प होतील. मास्तरांनाही त्यातच आनंद आहे. खरं सांगून त्यांच्याकडचं आहे तेही काढून घ्यायचं?"

 तिचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं आणि दोघांनाही ते कळत होतं.

"उद्या दुपारी जाऊ," तो म्हणाला. "तू पण चल."

*

शिलाई यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर मास्तर राहत. दार वहिनींनी उघडलं. मास्तरांच्या बायकोच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्यांनी या दोघांना कधीच माफ केलं नव्हतं. तो नवऱ्याचा कारभार, असं त्या म्हणत.

"या. चपला आत काढा, बाहेरच्या कुत्रा पळवतो. तो माणसाची पायरी बघत नाही."

दादा बसला नाही. उभ्या उभ्याच त्याने पत्र मास्तरांच्या पुढे धरलं. "हे मी लिहिलेलं नाही. हिने लिहिलं. मी काल पहिल्यांदा वाचलं."

मास्तरांना आधी ती थट्टा वाटली. दादाची पत्रं धाकटी लिहिते हे त्यांना ठाऊक होतं, पण हे पत्रही तिचं असेल असं कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी दादाकडे पाहिलं, मग धाकटीकडे. धाकटीची मान खाली होती. मग त्यांनी पत्र घेतलं आणि त्यातली ओळ अन् ओळ पाठ असूनही ते उलगडून पाहत राहिले.

"सांगत होते मी," वहिनी म्हणाल्या. "एवढं गोड लिहायला माणूस शुद्धीत लागतो."

"तू थांब जरा." मास्तरांचा आवाज बारीक झाला होता. "म्हणजे गवई, मी तक्रार मागे घेतली, ती..."

"फसवणुकीवर. पुन्हा द्या. जे विचारतील ते कबूल करीन."

"वकिलाचे जिने चढायची हौस फिटलीय माझी." मास्तर खिडकीपाशी गेले. खालून यंत्राचा एकसुरी आवाज येत होता. "एकोणीस महिने. मी तुम्हाला मनातून मोकळं केलं होतं, गवई. सोपं नव्हतं ते. आणि तुम्ही तिथे नव्हतातच."

 शांतता पडली की ती भरून काढायची, ही धाकटीची जुनी सवय.

"दादाला असं म्हणायचंय, मास्तर, की..."

"तुम्ही गप्प बसा हो," वहिनी म्हणाल्या. "बावीस वर्षं बोललात की त्याच्या वतीने. बघू तरी त्याला येतं का."

दादाला येत नव्हतं. हजारोंच्या समोर ज्याचा सूर कधी चुकला नाही तो माणूस त्या लहानशा खोलीत तीनदा बोलायला लागला आणि तीनदा थांबला. धाकटीच्या तोंडात त्याच्यासाठी वाक्यं तयार होत होती, पत्रातल्यापेक्षा चांगली, आणि ती तिने एकेक करून गिळली.

"पत्रात आहे, मला काही आठवत नाही," दादा म्हणाला. "ते खरं नाही. नंतर हिला मीही तसंच सांगितलं. डॉक्टरांनाही. मला सगळं आठवतं. तुमचं व्हायोलिन माझ्या कानाशी बोलत होतं. माझं नाव घेऊन. चार दिवस बोलत होतं, तालमीपासून. ते खोटं होतं हे मला आता कळतं, पण आठवण अजून तशीच आहे, मास्तर, ती काही बदलत नाही." तो थांबला. "आणि ढकललं तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुम्ही पडलात, ते बोलणं थांबलं, आणि मला फार बरं वाटलं. हे मी कोणाला सांगितलं नाही. आजाराने ढकललं असं लोक म्हणतात. असेल. पण बरं मला वाटलं होतं."

मास्तर खिडकीतून वळले.

"ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पडता पडता मी तुमचं तोंड बघितलं होतं. पत्रातली तेवढीच ओळ मला कधी पटली नाही. बाकी सगळं पटलं."

"बाकीही सगळं खरं नाही," धाकटी म्हणाली. या वेळी तिला कोणी गप्प केलं नाही. तिने डबीचं सांगितलं. दोन रविवार सांगितले, झाकण लावलं ते सांगितलं, आणि का लावलं तेही सांगितलं. सांगून झाल्यावर तिला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. वहिनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होत्या.

"म्हणजे तुमच्या कानाच्या चैनीपायी माझ्या नवऱ्याचा हात गेला."

"हो," धाकटी म्हणाली.

मास्तरांनी पत्राच्या घड्या घातल्या, एका हाताने, वेळ लावून, आणि ते धाकटीच्या हातात दिलं. "जा आता तुम्ही. दोघंही जा. आज माझ्यापाशी द्यायला काही नाही."

दोघं जिन्याशी आली तेव्हा वहिनी मागून आल्या. "अहो ताई. मंगळवारी साडेदहाला ह्यांना हाताच्या व्यायामाला न्यावं लागतं. दोन बस बदलून. माझी रजा संपत आलीय. तुम्हाला पत्रं लिहायला वेळ मिळतो, म्हणजे यालाही मिळेल."

*

शनिवारचा कार्यक्रम झाला नाही. दादाने वर्तमानपत्रांना चार ओळी पाठवल्या, स्वतः लिहून: मी आजारी होतो, औषध मी बंद केलं होतं, मास्तरांना मी ढकललं, आणि त्यांची माफी मागून अजून झालेली नाही म्हणून मी गाणार नाही. एका कचेरीतून फोन आला की हा कागद बनावट दिसतो. गायकांचं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं आहे आणि ते असं गिचमीड नाही. दादा हसला. किती दिवसांनी हसला ते धाकटीने मोजलं नाही. पुढचे आठ दिवस पुन्हा तोच वाद चालला, काहींना त्या ओळींत धैर्य दिसलं आणि काहींना जाहिरात, आणि मग लोकांना दुसरं काही मिळालं.

गोळ्यांची डबी दादाने आपल्या खोलीत नेली. "मीच भरीन," एवढंच म्हणाला. धाकटीला ते लागलं... बावीस वर्षांच्या सेवेचं हेच फळ का, असंही एका व्याकुळ क्षणी तिच्या मनात आलं, आणि तो क्षण गेल्यावर तिला त्याची लाज वाटली. पत्रं आता पडवीत साचत होती. दादा रोज तीन उत्तरं लिहायचा आणि दमायचा.

मंगळवारी ती मास्तरांना घेऊन जाऊ लागली. पहिले दोन मंगळवार मास्तर बसच्या थांब्याशिवाय कशावर बोलले नाहीत. तिसऱ्या मंगळवारी, इस्पितळातल्या बाकावर नंबराची वाट बघताना, ते आपणहून म्हणाले, "तुमचा दादा गुरुवारी येतो माझ्याकडे. सांगितलं का तुम्हाला?"

"नाही."

"पहिल्यांदा आला तेव्हा शिकवणी चालू होती. विचारलं, काय काम आहे. म्हणाला, तुम्ही सांगाल ते. म्हटलं, मला आता शिकवताना वाजवून दाखवता येत नाही, तोंडाने सूर सांगून सांगून घसा बसतो. तिथे कोपऱ्यात बसा आणि मी सांगीन तेवढंच गा." मास्तरांनी दोन बोटं दुसऱ्या हाताने वळवून पाहिली. "दोन तास बसतो. वरचा सूर लागत नाही आता त्याला. फाटतो. तरी गातो."

"गोळ्यांमुळे," धाकटी म्हणाली.

"हो. मी विचारलं त्याला, घेता ना? आधी ते विचारतो, मग गायला लावतो."

नंबर पुकारला. तो दुसऱ्या कोणाचा होता.

"मी त्याला माफ केलेलं नाही," मास्तर म्हणाले. "तुम्हाला वाटत असेल, येतो-जातो म्हणजे झालं. नाही झालं. हात दुखला की शिव्याच येतात तोंडात. पूर्वी पत्र होतं, आता तेही नाही." मग थोडं थांबून, "पण गेल्या गुरुवारी त्याला यायला उशीर झाला, तर मी चार वेळा जिन्यात डोकावलो. हिने पकडलं मला. आता याला काय म्हणायचं ते तुमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनी सांगावं."

धाकटीने काही सांगितलं नाही. तिच्यापाशी त्यासाठी शब्द होते. पुष्कळ होते.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दादा जेवणाच्या टेबलाशी तिसरं उत्तर लिहीत होता. बोटांना शाई लागली होती. त्याने मान वर केली नाही.

"कसा आहे हात?"

"करंगळी जराशी हलते म्हणाले. फार नाही."

"हं." त्याने एक शब्द खोडला. पुन्हा लिहिला. "मास्तर... काही म्हणाले का? माझ्याबद्दल?"

एवढी वर्षं हेच तर तिचं काम होतं. त्याचं जगाला सांगायचं, जगाचं त्याला सांगायचं, मधले काटे काढून, कडा घासून. चार वेळा जिन्यात डोकावलो, एवढं जरी तिने सांगितलं असतं तरी दादा आज शांत झोपला असता. ते वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. दादाने आता मान वर केली होती, आणि त्या थकलेल्या, औषधाने थोड्या सुजलेल्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की तिला ते बघवेना.

"त्यांनाच विचार," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने लेखणी खाली ठेवली, बोटं रुमालाला पुसली आणि फोन जवळ ओढला. आकडे दाबताना तो एकदा चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून दाबू लागला. पलीकडे वाजत असल्याचा आवाज धाकटीला टेबलाच्या या टोकापर्यंत ऐकू येत होता.

कोणीतरी फोन उचलला तेव्हा ती उठली, पडवीत गेली आणि दार ओढून घेतलं. ते बोलणं पाऊण तास चाललं. काय झालं, ते तिने त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतरही नाही.